नाळेच्या रक्तवाहिन्या आणि सेक्स हार्मोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याकडे नर्सिंगच्या मुलींना फिजिओलॉजी शिकवते, त्यामुळे विद्यार्थिनींचे परीक्षेचे प्रश्न येतात आणि त्यांच्या ओळखीतून गरोदर बायकांचे, त्यांच्या आयांचे, कधी नवऱ्यांचे पण येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलंय. एक विनंती आधीच करते, हे वाचून कोणी चालू गोळी बंद करू नका आणि नवीन सुरू तर अजिबात करू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. नाळेत रक्तवाहिन्या किती असतात, आणि चांगलं रक्त कशातून जातं?

तीन असतात, दोन धमन्या आणि एक शीर. शाळेत आपण धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध असं पाठ केलेलं असतं, नाळेत ते बरोबर उलटं आहे. वारेकडून (म्हणजे प्लासेंटाकडून) ऑक्सिजन आणि अन्न घेऊन येणारं रक्त शिरेतून बाळाकडे येतं, आणि बाळाने वापरलेलं रक्त दोन धमन्यांतून परत वारेकडे जातं. तिन्हींभोवती व्हार्टन जेली नावाचा घट्ट गुळगुळीत पदार्थ असतो, तो त्यांना दबण्यापासून वाचवतो. पूर्ण दिवसांची नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब भरते.

लेबर रूममध्ये मी मुलींना नाळेचं कापलेलं तोंड नीट बघायला लावते. शिरेचं तोंड मोठं, भिंत पातळ, ती लगेच चपटी होते. धमन्यांची तोंडं बारीक, पांढुरकी, जाड भिंतीची, आणि जेलीतून जराशी वर आलेली, बोट लावलं तर कडक लागतात. ही जाड भिंत म्हणजे स्नायू, आणि हार्मोनची सगळी गोष्ट ह्याच स्नायूची आहे.

२. सेक्स हार्मोन म्हणजे नक्की कुठली, आणि गरोदरपणात ती येतात कुठून?

मुख्य तीन: इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन. सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन अंडाशयातून येतं, मग साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात ते काम वार आपल्याकडे घेते. शेवटच्या दिवसांत वार रोज जवळजवळ २५० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करते. पाळी येणाऱ्या बाईच्या रक्तात महिन्याच्या दुसऱ्या भागात ते मिलिलिटरमागे १०-२० नॅनोग्रॅम असतं, नवव्या महिन्यात १०० ते २०० किंवा त्याहून वर जातं, आणि नाळेतल्या रक्तात तर आईच्या रक्तापेक्षाही जास्त असतं.

इस्ट्रोजेनचं मला फार कौतुक वाटतं, कारण ते वार एकटी बनवू शकत नाही. बाळाच्या किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कच्चा माल करतात, बाळाचं लिव्हर त्यावर एक प्रक्रिया करतं, आणि मग वारेतलं अॅरोमाटेज नावाचं एन्झाइम त्याचं एस्ट्रिऑल करतं, म्हणजे आई, वार आणि बाळ तिघं मिळून हे हार्मोन तयार होतं. हेच अॅरोमाटेज टेस्टोस्टेरॉनचं पण इस्ट्रोजेन करून टाकतं, आणि त्यामुळे आई आणि बाळ दोघांचंही जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनपासून रक्षण होतं.

३. नाळेला नर्व्ह नसतात म्हणे, मग तिच्या वाहिन्या आकसतात आणि सैल होतात कशा?

बरोबर ऐकलंय. बाळाच्या बेंबीजवळचा थोडा भाग सोडला तर नाळेच्या वाहिन्यांना नर्व्ह जवळजवळ नाहीतच, म्हणून तर नाळ कापताना कुणालाच दुखत नाही. आपल्या हातापायाच्या धमन्यांना मेंदूकडून हुकूम जातो, इथे तसा हुकूम देणारं कोणी नाही. आपल्याकडे खाजन शेतीच्या बांधाला जुनी मानस असते ना, भरती-ओहोटीचं पाणीच तिचं दार ढकलतं आणि बंद करतं, माणूस उभा राहावा लागत नाही, तसं इथे रक्तातली रसायनंच धमनी उघडतात आणि आवळतात.

आवळणारी म्हणजे सिरोटोनिन, हिस्टामिन, एंडोथेलिन, थ्रॉम्बॉक्सेन. सैल करणारी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टासायक्लिन आणि आपली सेक्स हार्मोन. दोन्हीकडची एकाच वेळी काम करत असतात, म्हणून एकट्या हार्मोनच्या आकड्यावरून नाळेची स्थिती सांगता येत नाही.

४. मग ही तीन हार्मोन धमनीवर करतात तरी काय?

थोडक्यात, प्रयोगात तिन्ही तिला सैल करतात. स्नायू आवळायला पेशीच्या आत कॅल्शियम यावं लागतं, आणि ते बऱ्याच प्रमाणात एल-टाइप कॅल्शियम चॅनेल नावाच्या दारांतून येतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ह्या दारांतून येणारं कॅल्शियम कमी करतात. टेस्टोस्टेरॉनचा आणखी एक रस्ता आहे, ते पोटॅशियम चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर गेलं की पेशीचा विद्युत दाब बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडायला तयारच होत नाहीत. इस्ट्रोजेन ह्याशिवाय वाहिनीच्या आतल्या अस्तराला जास्त नायट्रिक ऑक्साइड करायला लावतं (प्रश्न ८ बघा). हा नायट्रिक ऑक्साइड म्हणजे तोच वायू ज्याच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद ह्यांना.

५. हे कळलं कसं? पोटातल्या बाळावर प्रयोग करतात का?

नाही नाही, अजिबात नाही. बाळंतपण झाल्यावर नाळ एरवी वारेबरोबर टाकूनच दिली जाते, आईची लेखी परवानगी घेऊन तिचा तुकडा लॅबमध्ये नेतात.

तिथे धमनी जेलीतून सोडवून तिच्या काही मिलिमीटरच्या बारीक रिंगा कापतात. एक रिंग दोन बारीक तारांच्या आकड्यांत अडकवून ३७ डिग्रीच्या खारट द्रावणात ठेवतात, खालून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चालू असतात, वरची तार ताण मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेली. आधी सिरोटोनिन टाकतात, रिंग आवळते, स्क्रीनवरची रेघ वर चढून सपाट होते. मग हार्मोनचा थेंब टाकतात आणि रेघ हळूहळू खाली येताना दिसते. काही रिंगांचं आतलं अस्तर मुद्दाम खरवडून काढतात, आणि तरी रेघ खाली आली म्हणजे परिणाम थेट स्नायूवर झाला असं धरतात. टेस्टोस्टेरॉनचं असंच आहे. ह्यातलं बरंच काम पोर्तुगालमध्ये कोव्हिल्यां गावच्या बेइरा इंटिरियर विद्यापीठात झालंय.

आता महत्त्वाची गोष्ट, जी वर्तमानपत्राच्या बातमीत कधी येत नाही. ह्या प्रयोगांत हार्मोनची मात्रा पुष्कळदा मायक्रोमोलर असते, म्हणजे इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन शरीरात असतं त्याच्या कितीतरी पट जास्त. प्रोजेस्टेरॉन मात्र गरोदरपणात एवढं वाढतं की नाळेच्या रक्तातली त्याची पातळी प्रयोगातल्या मात्रेच्या बऱ्यापैकी जवळ जाते. म्हणून प्रोजेस्टेरॉनबद्दल मी जास्त खात्रीने बोलते, बाकी दोघांबद्दल जपून.

६. टेस्टोस्टेरॉन धमनी सैल करतं म्हणता, पण प्रीएक्लाम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) तर ते वाढलेलं असतं असं वाचलं. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी पूर्ण मार्क देते. बऱ्याच अभ्यासांत प्रीएक्लाम्प्सिया असलेल्या बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त आढळलंय. पण एक तर ते आईच्या रक्तातलं मोजमाप आहे, नाळेच्या धमनीतलं नाही. दुसरं, आजारी वारेचं काम बिघडल्यामुळेही ते वाढू शकतं, म्हणजे ते कारण आहे की परिणाम हे फक्त आकड्यावरून सांगता येत नाही. आणि तिसरं, काही मिनिटांचा परिणाम आणि कित्येक आठवडे जास्त टेस्टोस्टेरॉनमध्ये राहण्याचा परिणाम एकाच दिशेचा असेलच असं नाही, गाभण उंदरांना बरेच दिवस टेस्टोस्टेरॉन दिलं की आईचं बीपी वाढतं आणि पिल्लांची वाढ कमी होते. ह्या दोन वेळांचा फरक पुढच्या उत्तरात.

७. हार्मोनचा परिणाम मिनिटांत होतो की दिवसांत?

दोन्ही प्रकारे. पुस्तकातला जुना रस्ता असा की हार्मोन पेशीत शिरतं, रिसेप्टरला (हार्मोन पकडणाऱ्या प्रोटीनला) चिकटतं, केंद्रकात जाऊन जीन चालू किंवा बंद करतं, नवीन प्रोटीन बनतं, ह्याला तास-दिवस लागतात. प्रश्न ५ मधली रेघ मात्र मिनिटांत खाली येते, एवढ्यात नवीन प्रोटीन बनून होणार नाही, म्हणजे हार्मोन थेट पेशीच्या पडद्यावरच्या चॅनेलवर किंवा तिथल्या रिसेप्टरवर काम करतंय. ह्याला नॉन-जिनोमिक परिणाम म्हणतात. नर्सिंगच्या पेपरला एवढं आलं तरी पुरे.

८. शिरेवर पण हाच परिणाम होतो का?

शिरेचा स्नायू पातळ, आणि तिथे संशोधकांचं जास्त लक्ष आतल्या अस्तराच्या पेशींवर असतं. १९७३ मध्ये जाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या शिरेतून ह्या पेशी काढून लॅबमध्ये वाढवायची पद्धत दिली, त्यांना ह्युवेक म्हणतात, आणि आज जगभर हार्ट अॅटॅकपासून डायबिटीसपर्यंत रक्तवाहिन्यांवरचे असंख्य प्रयोग ह्याच पेशींवर होतात. कुणाच्या तरी बाळाची, एरवी टाकून दिली असती ती नाळ एवढ्या कामाला येते, हे मला खरंच मोठं वाटतं. ह्युवेकवर इस्ट्रोजेन टाकलं की नायट्रिक ऑक्साइड वाढतो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

९. मुलगा असेल तर टेस्टोस्टेरॉन जास्त, म्हणजे नाळेवरून मुलगा-मुलगी कळतं का?

मुलगा असलेल्या गर्भात पहिल्या तिमाहीतच टेस्टोस्टेरॉन बनायला लागतं हे खरं. मुलगे आणि मुली ह्यांच्या नाळेतून काढलेल्या पेशींच्या वागण्यातही लॅबमध्ये फरक दिसतात. पण नाळेच्या जाडीवरून, पिळावरून किंवा डॉप्लरवरून (रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी) लिंग कळत नाही, आणि गर्भलिंग विचारणं किंवा सांगणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हा प्रश्न सोनोग्राफीच्या खोलीत काढूच नका.

१०. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन दिलंय, ते नाळ मोकळी राहावी म्हणून का?

नाही. प्रोजेस्टेरॉन देण्याची नेहमीची कारणं वेगळी आहेत: गर्भाशयाचं तोंड वेळेआधी आखूड झालंय, आधी कमी दिवसांची प्रसूती झालीये, सुरुवातीला रक्त जातंय आणि आधी गर्भपात झालेत, किंवा आयव्हीएफ केलंय. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या प्रिझम ट्रायलमध्ये चार हजारांहून जास्त बायका होत्या, सुरुवातीला रक्त जाणाऱ्या सगळ्याच बायकांना प्रोजेस्टेरॉनचा स्पष्ट फायदा दिसला नाही, पण रक्त जातंय आणि आधी गर्भपात पण झालाय अशांना उपयोग होताना दिसला. दर आठवड्याला घ्यायच्या हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी, वेळेआधीच्या प्रसूतीवर त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही म्हणून अमेरिकेत त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली.

म्हणून शेजारणीला दिलंय तर मला का नाही असं म्हणू नका, आणि तुम्हाला दिलंय तर कशासाठी ते स्पष्ट विचारा, तो तुमचा हक्क आहे.

११. डॉप्लरमध्ये नाळेचा फ्लो कमी आलाय. हार्मोनच्या गोळीने वाढेल का?

ह्या प्रश्नाचे मेसेज रात्री अकराला येतात आणि त्यामागची भीती मला कळते, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉप्लरमध्ये नाळेच्या धमनीत हृदयाच्या ठोक्याच्या वेळचा वेग आणि दोन ठोक्यांमधला वेग बघतात, त्यांचं प्रमाण म्हणजे रिपोर्टवरचा एस/डी रेशो. दिवस भरत जातात तसा हा रेशो कमी होत जायला हवा. तो जास्त राहिला, किंवा दोन ठोक्यांमध्ये रक्त पुढे सरकतच नाही, किंवा उलटं येतं, तर काळजीचं. पण दोष बहुतेक वेळा नाळेत नसतो, तो पुढे वारेतल्या बारीक बारीक वाहिन्यांत असतो, त्या कमी असतात किंवा अरुंद असतात, आणि नाळेच्या धमनीत त्याचा फक्त परिणाम दिसतो. त्यामुळे नाळेचा स्नायू आणखी सैल करून मूळ अडचण सुटत नाही.

आणि रक्तवाहिनी सैल करणारं औषध म्हणजे बाळाला चांगलंच असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सिल्डेनाफिल हे औषध वाहिन्या सैल करतं, वाढ खुंटलेल्या बाळांना त्याचा फायदा होईल अशी मोठी आशा होती, पण नेदरलँड्समधली ट्रायल २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या आयांच्या काही बाळांना जन्मानंतर फुप्फुसाचा त्रास झाला आणि त्यातली काही दगावली. लॅबमधली रिंग आणि जिवंत बाळ ह्यांच्यात एवढं अंतर असतं.

मग करायचं काय? सांगितलेल्या तारखेला परत डॉप्लर, बाळाच्या हालचालींवर लक्ष, बीपी, आणि डॉक्टर म्हणाले बांबोळीला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, जा तर त्याच दिवशी जा, घरातलं कार्य उरकून मग बघू असं करू नका. हालचाल कमी झाली, रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट न बघता १०८ ला फोन.

१२. मला पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, ज्यात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असू शकतं) आहे. माझं टेस्टोस्टेरॉन बाळाच्या नाळेला त्रास देईल का?

वारेतलं अॅरोमाटेज (प्रश्न २) त्यातलं बरंचसं बदलून टाकतं, त्यामुळे थेट नाळेची काळजी करू नका. पीसीओएसमध्ये गरोदरपणातला डायबिटीस आणि प्रीएक्लाम्प्सिया ह्यांचा धोका मात्र जास्त असतो, आणि लक्ष तिथे द्यायचं: साखरेची तपासणी चुकवू नका, बीपी दर भेटीला बघून घ्या.

१३. गरोदर आहे हे माहीत नसताना गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. नाळेला काही झालं असेल का?

कळल्यावर बंद केल्या ना, मग शांत राहा. सुरुवातीला नकळत घेतलेल्या ह्या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

१४. इस्ट्रोजेन एवढं चांगलं तर गरोदरपणात ते गोळीने का देत नाहीत?

दिलं होतं, आणि फार वाईट झालं. डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून लाखो बायकांना दिलं गेलं. १९७१ मध्ये लक्षात आलं की त्यांच्या मुलींना तरुणपणी योनीमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर होतोय. गर्भपात तर त्याने टळत नव्हतेच. तेव्हापासून गरोदरपणात इस्ट्रोजेनबद्दल डॉक्टर एवढे सावध आहेत, आणि असायलाच हवेत.

१५. सोयाबीन, अळशी ह्यात इस्ट्रोजेन असतं ना? खाऊ का नको?

त्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारी वनस्पतींची द्रव्यं असतात, पण खूप सौम्य. भाजीत सोयाबीन, चटणीत थोडी अळशी, चालतं. त्याच्या कॅप्सूल आणि पावडरींचे डबे नकोत.

१६. सोनोग्राफीत एकच धमनी दिसली. माझ्या हार्मोनमुळे झालं का?

नाही, आणि तुमच्या कुठल्याच चुकीमुळे नाही. साधारण १०० ते २०० गरोदरपणांत एकदा असं दिसतं. बाकी सगळं नीट असेल तर बहुतेक बाळं चांगलीच असतात. बाळाचं हृदय आणि किडन्या नीट बघून घेतात आणि वाढीवर लक्ष ठेवतात. नाळेची गळ्याभोवती गुंडाळी किंवा गाठ, त्याचाही हार्मोनशी संबंध नाही.

१७. नाळेत सैल करणारी हार्मोन एवढी असतात, मग जन्मल्यावर धमन्या बंद कशा होतात?

इथे आवळणारी बाजू जिंकते. बाहेरची थंड हवा, नाळेला बसलेला ताण, बाळाने श्वास घेतल्यावर रक्तात वाढलेला ऑक्सिजन, आणि सिरोटोनिन, एंडोथेलिन, थ्रॉम्बॉक्सेन, सगळं एकदम येतं आणि जाड स्नायूच्या धमन्या काही मिनिटांत घट्ट होतात. त्यासाठी हार्मोन आधी कमी व्हावी लागत नाहीत. शीर त्यामानाने उशिरा बंद होते, त्यामुळे थोडा वेळ बाळाला वारेकडचं रक्त मिळत राहतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ ठीक असेल तर एक मिनिटाच्या आत नाळ बांधू नका. पुढे ह्या वाहिन्यांचे पोटाच्या आत दोरीसारखे पट्टे होतात, शिरेचा पट्टा आयुष्यभर आपल्या लिव्हरला लागून असतो.

१८. नाळ कापल्यावर बाळाच्या अंगातली ती हार्मोन कुठे जातात? माझ्या मुलीला चौथ्या दिवशी रक्ताचे डाग दिसले.

पुरवठा नाळेतून होता, तो एकदम थांबला, आणि पुढच्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातली पातळी झपाट्याने उतरते. त्यामुळे मुलींना पहिल्या आठवड्यात पांढरं जातं किंवा लंगोटाला रक्ताचे थोडे डाग लागतात, दोन-चार दिवसांत आपोआप थांबतं. मुलगा असो की मुलगी, छाती सुजून त्यातून दुधासारखा थेंब पण येऊ शकतो. तो पिळून काढू नका आणि मालीशवाल्या बाईलाही काढू देऊ नका, आजी कितीही म्हणाल्या तरी, कारण पिळल्याने जंतू आत जाऊन गळू होतं. छाती लाल, गरम झाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरकडे. आणि रक्त बेंबीतून, नाकातून किंवा शी मधून येत असेल तर ते हार्मोनचं नाही, ते व्हिटॅमिन के कमी पडल्याचं असू शकतं, तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठा आणि जन्मल्यावर के चं इंजेक्शन दिलं होतं का ते डिस्चार्जच्या कागदावर बघून सोबत न्या.